डोंगलचा काळ

मोबाइलच्या नेटवर्कवरून संगणकाला इंटरनेट पुरवणारा यूएसबी मोडेम भारतात ‘डोंगल’ या नावाने रुळला. केबल न पोचलेल्या घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत २०१० च्या आसपास तोच मोठा आधार होता. टाटा फोटॉन आणि रिलायन्स नेटकनेक्ट हे डोंगल सीडीएमए तंत्रावर चालत. जीएसएम या दुसऱ्या तंत्रावरचे खासगी कंपन्यांचे थ्रीजी २०१० च्या लिलावानंतरच आले.

डोंगलची खरी कल्पकता जोडणीत होती. ह्वावे ई२२० सारखा मोडेम खोचला की संगणकाला तो आधी सीडी ड्राइव्ह भासे. त्यातूनच ड्रायव्हर आणि जोडणीचा प्रोग्रॅम बसे. मग उपकरण मोडेमचे रूप घेई. वेगळी सीडी सांभाळण्याची गरजच उरली नाही. लिनक्सवर मात्र हे रूपांतर आपोआप होत नसे, त्यासाठी ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्रॅम लिहावा लागला. पुढे जीएसएमवर एपीएन, म्हणजे नेटवर्कच्या इंटरनेट-प्रवेशाचे नाव, भरायचे आणि टेलिफोनसारखा नंबर फिरवायचा: जीएसएमवर *९९#, सीडीएमएवर #७७७. डायल-अपची ही खूण बराच काळ टिकली. रेंज कमी असेल तर यूएसबीची लांब वायर लावून डोंगल खिडकीत ठेवत.

फोनमधला हॉटस्पॉट सर्रास झाला आणि २०१६ पासून फोरजी डेटा स्वस्त झाला, तसा डोंगल मागे पडला.