औंढा, लायगो आणि आभासी जगातील शाळा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ महाराष्ट्राला ज्योतिर्लिंगामुळे परिचित आहे. त्याच तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळा मुलांच्या अंगणात येईल; पण मुलांना तिथे दिसेल काय? (थ्रेड)

काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतील निर्वात नळ्यांतून धावणारा लेसर. लहर येते तेव्हा भुजांच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो. नळीत डोकावता येत नाही, आणि डोकावले तरी काही दिसायचे नाही.

या अदृश्याची ओळख करून देण्यासाठी ऑस्ट्रेलियातील ऑझग्रॅव या संशोधन केंद्राने ‘मिशन ग्रॅव्हिटी’ हा शालेय उपक्रम रचला. विद्यार्थी डोळ्यांवर उपकरण चढवून आभासी यानातून ताऱ्यांजवळ जातात, निरीक्षणे नोंदवतात आणि ताऱ्याचा जीवनक्रम गटाने मांडतात. नुसते पाहणे नव्हे, स्वतः पडताळणे.

(औंढ्याला ही रीत नवी नाही, असे गमतीने म्हणता येईल. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबा खेचरांचे पाय नामदेवांनी उचलून जिथे ठेवले तिथे पिंडी प्रकटली, ही आख्यायिका याच देवळाशी जोडली जाते. धडा गुरूचा, पण पाय हलवले शिष्याने!)

चित्राच्या आत शिरून शिकण्याची ओढ संगणकाहून जुनी आहे. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’चे प्रयोग सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशात पडद्यावर उमटत आणि हलल्याचा भास होई. मात्र प्रयोगाचा प्राण केवळ प्रकाशात नव्हता. निवेदन, संवाद आणि संगीत यांच्यामुळे त्या चित्रांना कथा लाभे.

योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतील मीडव्हिल येथे कीस्टोन व्ह्यू कंपनी स्थापन झाली. दोन डोळ्यांसाठी दोन किंचित भिन्न छायाचित्रे जोडून खोलीचा भास घडवणाऱ्या स्टिरिओस्कोपचे संच तिने पुढे शाळांना पुरवले. चित्रांसोबत शिक्षकांसाठी मार्गदर्शिकाही असे. कल्याण आणि मीडव्हिल यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरी दोन्हीकडे चित्राशेजारी सांगणारा लागलाच.

१९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचे दर्शकयंत्र साकारले. त्यानंतर ते शाळेत पोचायला जवळजवळ अर्धशतक लागले. गूगलच्या ‘एक्स्पिडिशन्स’मध्ये शिक्षक आपल्या उपकरणावरून साऱ्या वर्गाला एकत्र फिरवू शकत. २०२१ मध्ये कंपनीने ते अ‍ॅप बंद केले. कंदील पटवर्धनांच्या मालकीचा होता. आभासी जगाची किल्ली बहुधा दुसऱ्याच्या हाती असते.

हिंगोलीपुरता दुसरा धोका भाषेचा आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ज्ञानाआधी परकी भाषा ओलांडावी लागे. आज उपकरणातला आवाज इंग्रजीत बोलू लागला, तर ताऱ्याजवळ पोचलेले मूल पुन्हा त्याच उंबरठ्यावर अडेल.

म्हणून औंढ्याच्या शाळांत अशी उपकरणे आली, तर लेसरचे व्यतिकरण उलगडणारे निवेदन कोणीतरी मराठीत लिहावे लागेल. आणि ते मध्येच थांबवून, मुलांच्या शंका ऐकून, पुन्हा चालू करण्याची सोय शिक्षकाच्या हाती असावी लागेल.