आडनावातील भागानगर

गेल्या दिवाळीत सुलतान बाजारातील एका जुन्या स्नेह्यांकडे आम्ही फराळाला गेलो होतो. त्या घराची पाचवी पिढी आता शाळेत जाते. बोलता बोलता त्यांच्या नातीने एकाएकी विचारले, "आजोबा, आपलं आडनाव दुसऱ्या कुणाचंच कसं नाही?" आजोबा हसून म्हणाले, "आपलं घर वेगळं आहे, बाळ, म्हणून." उत्तर मायेचे होते, पण ते पुरेसे नव्हते, हे आजोबांना ठाऊक होते आणि आम्हांसही. ते आडनाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मात्र दुर्मीळ आडनाव कसे जन्मते, ते दुर्मीळ का राहते आणि कशाने नाहीसे होते, हा प्रश्न आपणा सर्वांच्या घरचा आहे. म्हणून त्याचा थोडा मागोवा घ्यावा, असे आम्हांस वाटले.

आरंभ आमच्याच शहराच्या नावापासून करू. इ. स. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने वसविलेल्या या नगरास मराठी कागदपत्रांत दीर्घकाळ 'भागानगर' म्हटले जाई. हे नाव भागमतीवरून आले की बागांवरून, हा वाद जुना आहे आणि तो येथे सोडविण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस लक्षात घ्यायचे आहे ते एवढेच की, 'भागानगरे' असे एक विरळ आडनाव मराठीत आजही नांदते आहे आणि त्या आडनावाची कुटुंबे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आहेत. कोल्हापूरवरून कोल्हापुरे, विजापूरवरून विजापुरे, सोलापूरवरून सोलापुरे, तसेच भागानगरावरून भागानगरे, अशी या शब्दाची घडण सरळ दिसते.

आमच्या शहराचे जुने नाव मिरविणारे आडनाव शेकडो मैलांवर का आढळावे? विचार केला तर तेच स्वाभाविक आहे. भागानगरात राहणाऱ्यास कोणी 'भागानगरे' म्हणणार नाही, कारण तेथे सारेच भागानगरचे. तेथून निघून दुसऱ्या गावी वस्तीस गेलेल्यासच नव्या गावचे लोक त्या नावाने ओळखू लागतात. औरंगाबादकर आडनावाचे घराणे नाशकास परिचित असते ते याच न्यायाने. देगलूरकर हे नाव वारकऱ्यांच्या मनात देगलूरपेक्षा पंढरपूरशी अधिक जोडलेले आहे, तेही यामुळेच. काही घराण्यांनी वतनाच्या गावावरून आडनाव घेतले, हा अपवाद मान्य करूनही सर्वसाधारण नियम असा सांगता येईल की, गावावरून पडलेले आडनाव माणूस कोठे राहतो हे सांगत नाही, तो कोठून निघाला हे सांगते.

हा नियम एकदा ध्यानात आला की दुर्मीळतेचे पहिले कारण उघड होते. गावातून एकच भाऊ बाहेर पडला, तर ते आडनाव एकाच घराचे. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, जोशी ही आडनावे गावोगावच्या वतनांची व वृत्तींची आहेत. जितकी गावे व परगणे, तितक्या ठिकाणी ती स्वतंत्रपणे उत्पन्न झाली. म्हणून ती विपुल आहेत, आणि दोन कुलकर्ण्यांचे एकमेकांशी नाते असेलच असे नाही. उलट एखाद्या लहान गावावरून पडलेले आडनाव एकदाच, फार तर दोनदा उत्पन्न होते. विपुल आडनावाने माणसाची ओळख पटेना, तेव्हा गावाचे नाव पुन्हा मदतीस येते. शिवाजीराव पाटील यांस महाराष्ट्र निलंगेकर म्हणून ओळखतो, ते त्यामुळेच.

ही रीत केवळ आपली नाही. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांत घरनाव, म्हणजे 'इंटि पेरु', व्यक्तिनामाच्या आधी येते, आणि पुष्कळदा ते गावाचे नाव कोणताही प्रत्यय न लावता जसेच्या तसे असते. हैदराबाद राज्याचे १९५२ ते १९५६ या काळातील मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव यांच्या नावातील बुर्गुल हे गावच होय. दूरच्या युक्रेनमध्ये पाहिले, तर तेथेही हाच खेळ आहे. १६४९ सालच्या कोसॅक सैनिकांच्या नोंदवहीत सुमारे चाळीस हजार नावे आहेत, आणि त्यांत 'एन्को' हा 'अमक्याचा मुलगा' अशा अर्थाचा प्रत्यय पदोपदी भेटतो. शेवचेंको म्हणजे चर्मकाराचा मुलगा. चर्मकार गावोगाव होते, म्हणून शेवचेंकोही उदंड झाले. तेथे 'स्की' हा आपल्या 'कर'चा जवळचा सोयरा आहे, आणि एखाद्या लहानशा वस्तीवरून पडलेले 'स्की'कारान्त आडनाव तेथेही एखाद्‌दुसऱ्या घरातच आढळते. नोंदवही ठेवणाऱ्याने लिहिले म्हणून ते टिकले, हेही तेथे आणि येथे सारखेच.

हैदराबादेत मात्र आडनावास आणखी एक जन्मस्थान लाभले. ते म्हणजे दरबार आणि दफ्तर. निजामी राज्यातील 'दफ्तर-ए-दिवाणी' वंशपरंपरेने ज्या मराठी घराण्याकडे होते, त्या घराण्यास रायरायान हा किताब मिळाला आणि पुढे तो किताबच त्याचे नाव होऊन बसला. 'दफ्तर-ए-माल' सांभाळणारे कायस्थ घराणे त्याच रीतीने मालवाला म्हणून ओळखले गेले. गावाने दिलेले नाव मागे पडले आणि हुद्द्याने दिलेले पुढे आले. असे नाव दुर्मीळच असणार, कारण ते दफ्तर राज्यात एकच होते.

एका पिढीत आडनाव कसे बदलू शकते, याचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) हे हैदराबादच्या मराठी सार्वजनिक जीवनाचे एक आधारस्तंभ. १९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनीच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. त्यांचे चिरंजीव विनायकराव कांगडी गुरुकुलात शिकले, तेथे 'विद्यालंकार' ही पदवी त्यांना मिळाली आणि लोक त्यांना विनायकराव विद्यालंकार म्हणू लागले. १९५७ साली हैदराबादहून ते लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा निवडणुकीच्या कागदांत मात्र ते कोरटकरच होते. त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ काढलेल्या संस्थेस 'केशव मेमोरियल' हे नाव दिले. त्यात व्यक्तिनाम आहे, आडनाव नाही. दोन पिढ्या, एक घर, आणि इतिहासाच्या अभ्यासकास मात्र दोन वेगळी घराणी भासावीत अशी नावे! आडनावांची गणना करणाऱ्याने हे विसरू नये.

दुर्मीळतेचे दुसरे कारण लेखणीचे आहे. १८८० च्या दशकात निजामी राज्याचा कारभार फारसीतून उर्दूत आला, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातच सुरू झाले. उर्दू लिपीत आपल्या 'ळ'ला आणि 'ण'ला स्वतंत्र अक्षर नाही. काळे तेथे काले झाले, दाणी तेथे दानी झाले. १९४८ नंतर इंग्रजी आली. तिच्यात मांडे आणि मंदे एकाच साच्यात बसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि येथे राहिलेल्या घरांची मुले तेलुगू रीतीच्या हजेरीपटांत आली. त्या रीतीत आडनावाचे एक आद्याक्षर उरते आणि नावाच्या शेवटी असलेला 'राव' परक्याच्या कानास आडनावासारखा ऐकू येतो. मुलगा परगावी वा परदेशी गेला की कागदावर तोच 'राव' आडनाव ठरतो. अशी घरे संपलेली नसतात. ती 'राव' या अफाट संख्येत मिसळलेली असतात.

तिसरे कारण कोणाच्याही चुकीचे नाही. ते केवळ गणिताचे आहे. १८७३ साली इंग्लंडातील फ्रान्सिस गाल्टन यांनी प्रश्न विचारला की, नामांकित घराण्यांची आडनावे एकामागून एक का लोपतात? रेव्हरंड हेन्री वॉटसन यांनी त्याची रीत बसविली आणि १८७४ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. ती रीत आपण आपल्यापुरती लावून पाहू. समजा, शंभर निरनिराळी आडनावे घेऊन शंभर घरे या शहरात आली. दर चार घरांपैकी एकास मुलगा नाही, दोघांस एकेक आणि एकास दोन, असे प्रमाण धरू. म्हणजे घरांची एकूण संख्या सुमारे शंभरच राहील. तरी पहिल्या पिढीनंतर ७५ आडनावे उरतील, दुसरीनंतर ६१, तिसरीनंतर ५२, चौथीनंतर ४५ आणि पाचवीनंतर ४०. वस्ती तेवढीच, माणसे तेवढीच, वंशही मुलींच्या द्वारे चालूच; पण पाच पिढ्यांत शंभरांतली साठ आडनावे पुसली गेलेली असतात. ज्या मुलखात एका आडनावाची पन्नास घरे आहेत तेथे ही झीज जाणवत नाही. आपल्यासारख्या स्थलांतरित समाजात, जेथे एका आडनावाचे एकच घर आले, तेथे ती पाच पिढ्यांतच दिसते.

मग ती मागे पडलेली गावे शोधायची कशी? उच्चारसाम्यावर विसंबून चालत नाही. 'इंदूरकर' हे आडनाव घ्या. ते होळकरांच्या इंदूरचे असेल, किंवा आमच्या निजामाबादचेही असेल, कारण निजामाबादचे जुने नाव इंदूरच होते. नांदापूर एकाहून अधिक आहेत. उलट गावाचे नाव बदलले तरी आडनाव जुनेच नाव जपते. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, औरंगाबादकर मात्र औरंगाबादकरच राहिले. आडनावाबरोबर आणखी दोन धागे हाती असतील तरच गाठ पडते. ते म्हणजे कुलदैवत आणि तीर्थोपाध्याय. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची नावे गाव, आडनाव आणि पिढी यांच्या क्रमाने लिहिलेली असतात, आणि यात्रेस गेलेल्या पूर्वजाची सही कधी कधी मोडीत भेटते. दरबारी चाकरीतील घरांसाठी तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागारातील जुनी दफ्तरे आहेत. मात्र तेथे शोध आडनावाने लागत नाही. व्यक्तिनाम, किताब आणि मनसब यांनीच पुष्कळदा लागतो, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

जनगणनेत माणसे मोजली जातात, आडनावे मोजून प्रसिद्ध केली जात नाहीत. म्हणून आपल्या आडनावाची गणती आपणच केली पाहिजे. प्रत्येक घराने एका कागदावर देवनागरीत आडनाव, त्याचा घरातला उच्चार, मूळ गाव व तालुका, कुलदैवत, तीर्थोपाध्यायांचे ठिकाण, या शहरात आलेल्या पहिल्या पुरुषाचे व त्याच्या पत्नीचे नाव आणि घरातून लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावे एवढे लिहिले तरी पुष्कळ होईल. लेकींची नावे आम्ही मुद्दाम म्हटली. गाल्टनच्या हिशेबात आडनाव जेथे संपते, तेथे घर संपत नाही. ते तिच्या घरी वेगळ्या आडनावाने चालू असते.

आम्ही ज्या पेठेत बसून हे लिहितो आहोत, तिची गोष्ट तरी काय वेगळी आहे? कोठीच्या रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढलेली ही पेठ पूर्वी रेसिडेन्सी बाजार होती. १९३३ साली ती निजामांकडे परत आली, तेव्हा तिचे नाव सुलतान बाजार झाले. जुने नाव आता वृद्धांच्याही तोंडी राहिलेले नाही. ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणून आपणांस ठाऊक आहे.

दिवाळीनंतर महिनाभराने आम्ही त्या स्नेह्यांकडे पुन्हा गेलो. आजोबांना एकच मुलगा आणि त्याला ही एकच मुलगी. शाळेच्या पटावर तिच्या नावापुढे 'राव' आहे. वर सांगितलेल्या हिशेबाने त्यांचे आडनाव साठांपैकी एक होणार, हे त्यांनी आमच्याआधीच ओळखले होते. आम्ही काही बोलण्यापूर्वी त्यांनी नातीची वही पुढे केली. पहिल्या पानावर तिने वळणदार देवनागरीत आपले पूर्ण नाव लिहिले होते. 'राव' नव्हता, आडनाव होते. त्याखाली गावाचे नाव आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह होते. उन्हाळ्याच्या सुटीत नाशिकला जाऊन उपाध्यायांची वही पाहायची, असे आजोबा-नातीचे ठरले आहे. त्या प्रश्नचिन्हाच्या जागी काय लिहिले गेले, ते कळल्यावर वाचकांस अवश्य कळवू.