ईस्टरचे हसू : उपासनेत विनोदाला जागा आहे का?

आजचा आपला प्रश्न वरवर साधा दिसतो. देवाच्या उपासनेत हसावे की नाही? आपण म्हणाल, यात तत्त्वज्ञान कुठून आले? पण या प्रश्नावर ख्रिस्ती जगात शतकानुशतके वाद झाला आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.

सुरुवातीला गंभीर पक्षाचे ऐकू. चौथ्या शतकातला मोठा प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोम म्हणत असे की, येशू रडल्याचे शुभवर्तमानात आहे, हसल्याचे कुठेच नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम केले, त्यांत हशा पिकवणाऱ्या बोलण्याला मज्जाव आहे. त्यांचे कारणही समजून घेतले पाहिजे. हसणारा माणूस सैल होतो, आणि सैल मनाने पश्चात्ताप होत नाही, असे त्यांना वाटे.

पण बायबलमध्येच दुसरी बाजू आहे. म्हाताऱ्या सारेला मूल होणार हे ऐकून आधी अब्राहाम हसला, मग सारा हसली. मूल झाले त्याचे नाव इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. ज्या वंशातून हा सगळा इतिहास पुढे चालतो, त्याच्या दुसऱ्याच पिढीचे नाव हसू आहे, बरं का!

आता येऊ मुख्य गोष्टीकडे. मध्ययुगाच्या अखेरीस जर्मन भाषक प्रदेशात एक प्रथा होती. लॅटिनमध्ये तिला ‘रीसुस पास्कालिस’ म्हणत, म्हणजे ईस्टरचे हसू. उपवासकाळाचे 40 दिवस संपले, गुड फ्रायडेचा शोक झाला, आणि ईस्टरच्या सकाळी धर्मगुरू व्यासपीठावरून लोकांना मुद्दाम हसवी. गोष्टी सांगे, नकला करी. यामागे एक धर्मविचार दाखवता येतो. चौथ्या शतकातल्या निसाच्या ग्रेगरीने म्हटले होते की, सैतानाने ख्रिस्ताचा देह आमिष समजून गिळला, पण आत देवत्वाचा गळ होता. म्हणजे मृत्यूच फसला. फसवणाराच फसला, तर बघणाऱ्यांना हसू येणारच.

1518 मध्ये या प्रथेवर एक पत्र छापले गेले. लिहिणारा होता प्रवचनकार योहानेस ओकोलाम्पाड. पत्र त्याने मित्र वोल्फगांग कापिटोला लिहिले. ते लिहिण्याची वेळ का आली, पाहा. हा माणूस फार कोरडी प्रवचने देतो, लोकांना हसवत नाही, अशी त्याच्याबद्दल कुरकूर होती. म्हणून त्याने उत्तर दिले, आणि उत्तर देताना इतर प्रवचनकार काय करतात ते लिहून ठेवले. एकाने कोकीळपक्ष्याचा आवाज काढला. एकाने संत पेत्राने खानावळवाल्यांना पैसे न देता कसे गंडवले ते रंगवून सांगितले. काही प्रकार तर सांगण्याजोगेही नाहीत, असे त्याचे म्हणणे. पुढे इरास्मसनेही 1535 च्या प्रवचनकलेवरील ग्रंथात अशा गोष्टींना नावे ठेवली. गंमत अशी की, या प्रथेचा बराचसा पुरावा तिच्या विरोधकांनीच आपल्याला दिला आहे.

ओकोलाम्पाड पुढे बाझेलच्या धर्मसुधारणेचा पुढारी झाला. सुधारणेच्या बाजूला हे हसू मागे पडले. कॅथलिक बाजूला मात्र ते टिकून होते. 1694 मध्ये साल्झबुर्ग येथे आंद्रेआस स्ट्रोबल या धर्मगुरूने ईस्टरच्या गोष्टींचे पुस्तक काढले आणि त्याला रंगवलेल्या ईस्टरच्या अंड्यांचे नाव दिले.

मग बरोबर कोण? इथे तत्त्वज्ञानाची थोडी मदत घेऊ. हॉब्जच्या मते आपण हसतो ते दुसऱ्याच्या तुलनेत स्वतः एकाएकी मोठे वाटल्यामुळे. कांटने 1790 मध्ये वेगळे सांगितले : ताणलेली अपेक्षा अचानक शून्यात विरते, तेव्हा हसू फुटते. ही दोन हसू एक नव्हेत. खानावळवाल्याला गंडवल्याचे हसू हॉब्जचे आहे. त्यात कोणीतरी खाली पडतो, आणि बहुधा तो गरीबच असतो. पण पुनरुत्थानाची कथा पाहा. स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन प्रेताच्या अपेक्षेने कबरीशी जातात, आणि कबर रिकामी! हे कांटचे हसू आहे. इथे खाली पडतो तो फक्त मृत्यू. ओकोलाम्पाडचा राग पहिल्या हसण्यावर रास्त होता, असे आम्हाला वाटते. पण पहिल्याबरोबर दुसरेही दाराबाहेर गेले, हे नुकसान झाले.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. मिशनऱ्यांबरोबर पाश्चात्त्य चालींची गीते आली, बाकांवर ताठ बसणे आले. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, परिसरात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कीर्तन म्हटले की पद आले, टाळ आले, आख्यान आले; आणि आख्यानात विनोद नसेल तर मराठी श्रोता बसत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) भजन-अभंगांची भाषा मंडळीच्या उपासनेत रुजवली. आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना सांगायला नको की गाढ श्रद्धा आणि खळखळून हसणे एकाच घरात सुखाने नांदू शकते. लक्ष्मीबाई नवऱ्याला हसतात, पण त्याआधी स्वतःला हसतात. ही कसोटी प्रवचनकाराने जवळ ठेवण्याजोगी आहे.

तेव्हा उपासनेत विनोद हवा का, हा प्रश्न अपुरा आहे. कोण कोणाला हसतो आहे, हे विचारावे. बलवान दुबळ्याला हसत असेल, तर ते व्यासपीठ तमाशाचेही नव्हे; तमाशाचा सोंगाड्यादेखील पाटलाला हसतो. पण माणूस स्वतःच्या अहंकाराला हसत असेल, मरणाच्या भीतीला हसत असेल, तर ते हसू प्रार्थनेपासून फार दूर नाही. ज्या मंडळीत रडायला मोकळीक आहे, तिथेच हे हसू खरे उमटते. चाळीस दिवसांनंतर ईस्टर येतो, त्याचा अर्थ तरी दुसरा काय? आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.