एम्शर नदीची हकीकत

जर्मनीच्या नद्यांचा विषय निघाला म्हणजे ऱ्हाइन, एल्ब आणि डॅन्यूब ह्या तीन नांवांपलीकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. मोठ्या नद्यांच्या काठीं राजवाडे असतात, त्यांच्यावर काव्यें रचलीं जातात आणि शाळेच्या भूगोलांत त्यांना जागा मिळते. लहान नदीच्या वांट्याला असें भाग्य क्वचितच येतें. परंतु मनुष्य आणि नदी ह्यांचा संबंध कसा बिघडतो, आणि एकदां बिघडलेला संबंध पुन्हां जुळवावयाचा म्हणजे काय किंमत पडते, हें ज्यास पहावयाचें असेल त्यानें पश्चिम जर्मनींतील एम्शर नदीची हकीकत अवश्य ऐकावी.

जर्मनीचा नकाशा पुढें ठेवला तर असें दिसतें कीं, ऱ्हाइन नदी उत्तरेकडे हॉलंडच्या सरहद्दीजवळ येत असतां तिच्या उजव्या तीराला तीन नद्या पूर्वेकडून येऊन मिळतात. दक्षिणेची रूर, उत्तरेची लिप्पे आणि ह्या दोन बहिणींच्या मधोमध सर्वांत धाकटी एम्शर. डॉर्टमुंड शहराच्या आग्नेयेस होल्झविकेडे नांवाचें गांव आहे. तेथें सुमारें दीडशें मीटर उंचीवर, एका जुन्या शेतवाड्याच्या आवारांत तिचा उगम आहे. तेथून ती डॉर्टमुंड, कास्ट्रॉप-राउक्सेल, हेर्ने, गेल्सेनकिर्शेन, एसेन, बोट्रोप आणि ओबरहाउझेन ह्या शहरांच्या हद्दींतून पश्चिमेकडे जाते व डिन्सलाकेनजवळ ऱ्हाइनला मिळते. पूर्वीं हा प्रवास सुमारें १०९ किलोमीटरांचा होता. आज तो ८३-८४ किलोमीटरांचा उरला आहे. नदीची लांबी पंचवीस किलोमीटरांनीं कमी कां व्हावी, ह्या प्रश्नाच्या उत्तरांतच तिचा सारा इतिहास सांठवलेला आहे.

एम्शरचा उतार मुळांतच अल्प. उगमाजवळचा चढउताराचा प्रदेश संपला कीं ती सपाट खोऱ्यांत शिरते आणि तेथें तिची गति मंदावते. यंत्रयुगापूर्वीं ती असंख्य वळणें घेत, दोन्ही तीरांवर दलदली आणि ओलीं रानें पसरीत चालली होती. ह्या रानांतून रानटी घोड्यांचे कळप हिंडत. आसपासचे जमीनदार ते पकडवीत आणि नदीकांठच्या क्रांगे गांवीं त्यांचा बाजार भरे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ते कळप नाहींसे झाले. क्रांगेची जत्रा मात्र अजून भरते, आणि तिला लाखों लोक लोटतात. ती मूळची घोड्यांची, हें जाणणारे त्यांत थोडेच असतील. खोऱ्यांत वस्ती विरळ होती. पाणचक्क्या, कुरणें, मासेमारी ह्यांवर तिचा निर्वाह चाले. पूर येई आणि ओसरे; त्यानें कोणाचें फारसें बिघडत नसे.

ह्या शांत खोऱ्याच्या पोटांत कोळसा होता. रूर नदीच्या बाजूला कोळशाचे थर जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येतात, म्हणून खाणींचा आरंभ तिकडे झाला. उत्तरेकडे तेच थर खोल खोल जातात. वाफेच्या यंत्रांनीं खोल खाणींतील पाणी उपसतां येऊं लागलें तेव्हां खाणवाल्यांची पावलें एम्शरच्या खोऱ्याकडे वळलीं. १८४१ मध्यें हेर्मान पीपेनश्टोक ह्यानें डॉर्टमुंडजवळील ह्योर्डे येथें, अगदीं नदीच्या कांठीं, लोखंडाचा कारखाना काढला. १८४७ मध्यें कोलोन ते मिंडेन हा लोहमार्ग पुरा झाला, तो एम्शरच्या खोऱ्यांतूनच नेलेला होता. पुढें विल्यम टॉमस मल्व्हनी ह्या आयरिश गृहस्थानें १८५५ मध्यें गेल्सेनकिर्शेन येथें खाणीचें काम सुरू केलें व तिला आपल्या मायभूमीचें ‘हायबर्निया’ हें प्राचीन नांव दिलें. एकामागून एक खाणी निघाल्या, भट्ट्या पेटल्या, आणि पूर्व प्रशियांतून व पोलिश भाषा बोलणाऱ्या मुलखांतून मजुरांचे लोंढे आले. जेथें खेडीं होतीं तेथें दोन पिढ्यांच्या आंत शहरें उभीं राहिलीं.

शहरें वाढलीं, परंतु त्यांचें सांडपाणी जाणार कोठें? घरांचा मैला, खाणींतून उपसलेलें खारट पाणी, कारखान्यांची घाण हें सर्व एम्शरमध्यें आणि तिच्या ओढ्यांमध्यें सोडण्यांत येऊं लागलें. आधींच मंद असलेली नदी हा भार वाहूं शकेना. त्यांत दुसरें संकट उभें राहिलें. खालचा कोळसा काढून घेतल्यावर पोकळ झालेली भुई खचूं लागली. घराच्या पायाखालचा दगड काढावा तसा हा प्रकार. कांहीं ठिकाणीं जमीन कालांतरानें वीस मीटरांहूनही अधिक खालीं बसली. जमीन खचली कीं ओढ्याचा उतार मोडे, कधीं उलटाही होई, आणि काळें पाणी पुढें जाण्याऐवजीं गल्ल्यांतून, तळघरांतून तुंबून राही. पटकी आणि विषमज्वर ह्यांनीं तेथें घर केलें. १९०१ मध्यें गेल्सेनकिर्शेन भागांत विषमज्वराची मोठी साथ आली, तींत तीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. रॉबर्ट कॉख ह्या सुप्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञानें चौकशी करून नळाच्या पाण्याकडे बोट दाखविलें. तें पाणी रूर नदीचें होतें, आणि तें नीट गाळल्यावांचून नळांत सोडण्यांत आलें होतें.

प्रत्येक नगरपालिकेनें आपल्यापुरता उपाय करून पाहिला, परंतु एका गांवानें आपली घाण पुढें ढकलली म्हणजे ती खालच्या गांवाच्या दारांत जाऊन पडे. तंटे वाढले. अखेरीस १४ डिसेंबर १८९९ रोजीं बोखुम येथें शहरें, जिल्हे, खाणी आणि कारखाने ह्यांचे प्रतिनिधि एकत्र बसले आणि त्यांनीं एम्शर-सहकारी संघाची स्थापना केली. १९०४ मध्यें प्रशियाच्या सरकारनें खास कायदा करून संघाला अधिकार दिले. ह्या संघाचें तत्त्व मोठें मार्मिक होतें. नदीची घाण गांवाची हद्द ओळखत नाहीं, म्हणून कारभाराची हद्दही गांवाची असूं नये, ती संपूर्ण खोऱ्याची असावी; आणि ज्यानें जितकें बिघडविलें व ज्याला जितका लाभ झाला, त्या मानानें त्यानें वर्गणी द्यावी. जर्मनींत अशा प्रकारची ही पहिलीच संस्था होय.

ह्या संघानें जो निर्णय घेतला तो मात्र कठोर होता. रूर नदीचें पाणी पिण्यासाठीं राखून ठेवावें आणि एम्शरनें सर्वांची घाण वाहून न्यावी, अशी ही वांटणी होती. एका बहिणीच्या शुद्धतेसाठीं दुसरीचा बळी देण्यांत आला. त्याला शास्त्रीय कारणही होतें. जमीन सतत खचत असतां भूमिगत नळ टिकणें शक्य नव्हतें. ते ठिकठिकाणीं फुटले असते आणि मैला जमिनींत झिरपला असता. उघडा कालवा बिघडला तर दिसतो आणि दुरुस्त करतां येतो. विल्हेल्म मिडेलडोर्फ ह्या इंजिनियरानें तयार केलेल्या योजनेप्रमाणें १९०६ पासून कामास आरंभ झाला. नदीचीं वळणें कापून ती सरळ करण्यांत आली, तिचें पात्र खोल करून तळाला काँक्रीटच्या लाद्या बसविण्यांत आल्या आणि दोन्ही बाजूंस बांध घालण्यांत आले. जमीन जसजशी खालीं जाई तसतसे बांध उंच करावे लागत. शेवटीं कित्येक ठिकाणीं नदी वरून आणि वस्ती खालून, असें विलक्षण दृश्य दिसूं लागलें. खालच्या भागांतील पाणी पंपांनीं उचलून नदींत टाकावें लागे.

संघाच्या सांडपाणी विभागाचा प्रमुख कार्ल इम्होफ हा तरुण इंजिनियर होता. त्यानें ह्याच सुमारास मैला निवळविण्याचें दुमजली टांकें शोधून काढलें. वरच्या मजल्यांत पाणी संथपणें वाहतें, गाळ चिरेंतून खालच्या मजल्यांत उतरतो आणि तेथें तो हवेशिवाय कुजून निरुपद्रवी होतो. जर्मनींत ह्या टांक्याला ‘एम्शर-विहीर’ म्हणत. इतर देशांत तें ‘इम्होफ टँक’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. भारतांतील स्थापत्य-अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतही तें शिकविलें जातें. एका मेलेल्या नदीचें नांव जगाच्या आरोग्यशास्त्रांत अशा रीतीनें अमर झालें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

जमिनीच्या खचण्यानें नदीचें मुखही स्थिर राहिलें नाहीं. मूळचा संगम आल्सुम ह्या गांवापाशीं होता. तेथील उतार नाहींसा झाल्यानें १९१० मध्यें संगम उत्तरेस वाल्सुमकडे नेण्यांत आला, आणि तोही पुरेना तेव्हां १९४९ मध्यें आणखी उत्तरेस डिन्सलाकेनजवळ. नदी आंखूड झाली ती अशी, वळणें कापून आणि मुख हलवून. आल्सुम गांव पुढें इतकें खचलें कीं तें सोडून द्यावें लागलें. आज त्या जागीं राडारोड्याची एक टेकडी आहे. इकडे १९१४ मध्यें नदीला समांतर ऱ्हाइन-हेर्ने हा जहाजांचा कालवा वाहतुकीस खुला झाला. कास्ट्रॉप-राउक्सेलजवळ ह्या कालव्याच्या खालून, बंद नळांतून एम्शरला जावें लागतें. वरून कोळशाची जहाजें आणि खालून नदी, असा हा संगम होता.

ह्या व्यवस्थेनें रोगराई हटली, पूर आवरले, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. परंतु त्याची किंमत कोणी दिली? नदीच्या दोन्ही कांठांना तारांचीं कुंपणें आलीं आणि ‘येथें जीवास धोका आहे’ अशा पाट्या लागल्या. मजुरांच्या चाळी कुंपणाच्या अलीकडे होत्या. उन्हाळ्यांत दुर्गंधीमुळें खिडक्या लावून घ्याव्या लागत. काळी एम्शर असें लोक तिला म्हणत, आणि तिच्या ओढ्यांना तर मैल्यावरून पडलेलें एक अगदीं ग्राम्य नांव होतें. तीन-चार पिढ्यांच्या मुलांना नदी म्हणजे जिच्याजवळ जाऊं नये अशी जागा, एवढीच ओळख राहिली. रूरच्या कांठच्या टेकड्यांवर मालकांचे बंगले, आणि एम्शरच्या कांठीं कामकऱ्यांची वस्ती. नद्यांची वांटणी ही माणसांचीही वांटणी होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोळशाचे दिवस फिरले. खाणी बंद पडत गेल्या, उरलेल्या आणखी उत्तरेकडे सरकल्या, आणि एम्शरच्या खोऱ्यांतील भुई हळूहळू स्थिर झाली. भूमिगत नळ घालण्यास जी अडचण होती ती अशा रीतीनें दूर झाली. १९८९ पासून दहा वर्षें त्या प्रदेशांत कार्ल गान्झर ह्यांच्या नेतृत्वाखालीं एक आंतरराष्ट्रीय वास्तुप्रदर्शन चालविण्यांत आलें. ओसाड कारखान्यांचें आणि मळलेल्या नदीचें काय करावें, हाच त्याचा विषय होता. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत संघानें निर्णय घेतला कीं, नदी पुन्हां नदी करावयाची. जिनें नदीचें गटार केलें, त्याच संस्थेनें हें काम अंगावर घेतलें.

हें काम तीस वर्षें चाललें आणि त्याला सुमारें साडेपांच अब्ज युरो लागले. डॉर्टमुंड, बोट्रोप, ड्युइसबर्ग आणि डिन्सलाकेन येथें मैलाशुद्धीचीं मोठीं केंद्रें सज्ज झालीं. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत नदीला समांतर ५१ किलोमीटर लांबीचें मुख्य गटार जमिनीखालून नेण्यांत आलें. त्याला सतत उतार द्यावा लागल्यानें तें कांहीं ठिकाणीं चाळीस मीटर खोल जातें. तेव्हां वाटेंत तीन ठिकाणीं पंप बसवून पाणी पुन्हां वर उचललें जातें. ओढ्यांच्या काठचीं गटारें धरून एकंदर चारशें किलोमीटरांहून अधिक नवे नळ घातले गेले. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्यें सांडपाणी सोडणें बंद झालें. २०२२ मध्यें डिन्सलाकेनजवळ नवा संगम तयार झाला. पूर्वीं नदी तेथें उंच पायरीवरून ऱ्हाइनमध्यें कोसळे, त्यामुळें मासे वर येऊं शकत नसत; आतां ती रुंद ओल्या रानांतून सावकाश उतरते.

नदी परत आली तेव्हां तिच्याबरोबर अनेक विसरलेल्या गोष्टी परत आल्या. ह्योर्डे येथें कारखान्याच्या खालून बंद नळांतून ती जवळजवळ शतकभर वाहत होती. २००१ मध्यें कारखाना बंद झाला, त्याची यंत्रें उतरवून चीनला विकण्यांत आलीं, आणि त्या जागीं २०१० पासून चोवीस हेक्टरांचा एक तलाव भरण्यांत आला. त्याच्या कडेनें आज एम्शर उघड्यावर वाहते. बोट्रोपजवळील बोये ह्या उपनदीच्या वरच्या टोंकाला, जेथें घाण कधीं पोहोंचलीच नव्हती, तेथें दगडांखालीं राहणारा बोटभर लांबीचा एक मासा शंभर वर्षें तग धरून होता. त्याचीं पिलें नेऊन शुद्ध झालेल्या इतर ओढ्यांत सोडण्यांत आलीं. एवढ्या प्रचंड उलथापालथींतून त्या नदीचा खरा वारस म्हणून हा क्षुद्र जीव उरला.

तथापि सर्व ऋण फिटलें असें मात्र समजूं नये. २१ डिसेंबर २०१८ रोजीं बोट्रोपच्या प्रॉस्पर-हानीएल खाणींतून समारंभपूर्वक शेवटचा कोळसा वर आणला गेला आणि त्या प्रदेशांतील दगडी कोळशाचें युग संपलें. परंतु खचलेली भुई वर येत नाहीं. खोऱ्याच्या सुमारें चाळीस टक्के भागांतील पाणी अजून पंपांनीं उपसावें लागतें, आणि तें पुढेंही उपसावें लागणार. पंप बंद पडले तर वीस लाखांहून अधिक माणसांच्या ह्या खोऱ्याचा मोठा भाग तळें होऊन जाईल. जर्मन लोक ह्या खर्चाला चिरकालाचा भार असें म्हणतात. कोळसा जाळणाऱ्या पिढ्या गेल्या. तो भार वाहणाऱ्या पिढ्यांना मात्र अंत नाहीं.

१८९९ सालीं बोखुमला जमलेले लोक मूर्ख नव्हते, दुष्टही नव्हते. त्यांच्यापुढें मरणारीं माणसें होतीं, आणि जो उपाय त्यांना साध्य होता तो त्यांनीं केला. नदीला गटार करण्याचा ठराव एका बैठकीचा आणि कांहीं वर्षांच्या खोदाईचा विषय होता. तो फिरविण्यास मात्र एक शतक वाट पहावी लागली, आणि त्यानंतर आणखी तीस वर्षें खपावें लागलें. डिन्सलाकेनच्या नव्या संगमावर एम्शरचें स्वच्छ पाणी ऱ्हाइनला मिळतें तेव्हां, त्यांतला बराच वांटा कोणत्या तरी पंपानें अहोरात्र उचलून तेथवर पोहोंचविलेला असतो.