घरची शाळा आणि परवान्याचा कायदा

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला आमच्या युनियनच्या कचेरीत एक जोडपे आले. दोघेही पदवीधर, मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवितात. "भाऊ, आमच्यासारख्यांसाठी सरकारने कायदा केला तर तो आम्हांला तारील की मारील?" असा त्यांचा प्रश्न. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात तीव्र अपंगत्व असलेली मुले सोडली तर घरच्या शिक्षणाची तरतूद नाही. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य, असे कलम 10 सांगते. न घातल्यास शिक्षा मात्र सांगत नाही. अशी ही कुटुंबे अधांतरी आहेत. मी वकील नव्हे, चौथीत शाळा सुटलेला माणूस. मी त्यांना आपल्या मुलखाचा इतिहास सांगितला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचीही तीच. मराठी घरातल्या पोराला भूमिती शिकायची तर आधी परक्या भाषेचा डोंगर चढावा लागे. म्हणून लोकांनी आपल्या शाळा काढल्या. सरकारने नियम केला की, खाजगी शाळेला आधी परवानगी पाहिजे. सभेसाठी परवानगी मागणारी 'गश्ती निशाण 53' ही त्याच वृत्तीची. सभेला परवाना, शाळेलाही परवाना! पुरेशा शाळा स्वतः काढायच्या नाहीत आणि दुसऱ्याने काढली तर कागद मागायचा, असा तो कारभार.

तरीही 1921 साली उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तेथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. त्यापूर्वी ते कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस होते. (ही गोष्ट मी आमच्या हमालांना मुद्दाम सांगतो, कामगार चळवळीने मराठवाड्याला मास्तर दिला!) पुढे ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, शाळेत गेले. त्या शाळांतून नुसती मुले पास झाली नाहीत, संग्रामाचे कार्यकर्ते निघाले. 1938 साली 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. सरकारच्या दाराबाहेरचे शिक्षण आपल्याला स्वातंत्र्याकडे घेऊन गेले, हे विसरता येणार नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती माझ्या अंगाखालून गेलेली आहे. लातूरच्या आडत बाजारात माझे वडील पोती उचलीत. मीही 'घरीच शिकलो', म्हणजे पोत्यावरची खूण वाचायला आणि तोलाईचा हिशेब करायला शिकलो. त्याला कुणी गृहशिक्षण म्हणाले नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांवर आजही पोरे दिसतात. त्यांचे घर फडावर, त्यांची पाटी वाढ्यांची मोळी. अशा पोरांसाठीच जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे सक्तीचे शिक्षण मागितले. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापुरात ते आणले आणि मूल न पाठविणाऱ्या बापाला महिना रुपया दंड ठेवला. गोखल्यांचे बिल मात्र 1912 साली 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. विरोधकांत जमीनदार होते, हे सांगायला नकोच.

तेव्हा सक्ती आणि परवाना यांत फरक केला पाहिजे. 2009 च्या कायद्यातही मान्यतेविना शाळा चालविल्यास एक लाखापर्यंत दंड आहे. पण त्याच कायद्याने शेजारी शाळा देण्याचे बंधन सरकारवर टाकले. निजामाच्या नियमात ही दुसरी बाजू नव्हती.

अमेरिकेत 1994 साली काँग्रेसपुढच्या एका बिलात शिक्षकांच्या प्रमाणपत्राचे कलम आले. ते आपल्याला लागेल या भयाने घरी शिकविणाऱ्या पालकांनी टेलिफोनचा असा मारा केला की, सभागृहाने 424 विरुद्ध 1 मताने ते कलम काढले. संघटना म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते. आपल्याकडे ऊसतोड्याच्या पोरासाठी इतके फोन वाजलेले मी ऐकले नाहीत.

त्या जोडप्याला मी म्हटले, "मसुदा आला तर आधी पाहा, नोंदणी मागतात की परवाना. मुलगी शिकते आहे की नाही, हे बघायला कुणी आले तर दार उघडा. परवाना मागितला तर या कचेरीत या." बाई हसल्या. मुलगी तोवर भिंतीवरच्या हमालीच्या दरपत्रकाची बेरीज करीत बसली होती.