लिनक्सवर मराठी : स्थापना आणि जुळणी

बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेने वा पतसंस्थेने संगणकावर लिनक्स घेण्याचे ठरविले, तर पहिला प्रश्न मराठीचा येतो. ‘सी-डॅक’ने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ प्रणाली डेबियनवर आधारित आहे. या कुळातील प्रणालींत ‘ॲप्ट’ हा व्यवस्थापक अधिकृत भांडारातून सॉफ्टवेअर व त्यास लागणारी पूरक पॅकेजेस एकत्रच उतरवून घेतो. ‘सिनॅप्टिक’मध्ये हेच काम माऊसने होते.

लिब्रेऑफिस, त्याचे मराठी भाषा-पॅकेज, ‘लोहित’ देवनागरी फॉन्ट आणि ‘आयबस-एम१७एन’ एवढे पुरते. नंतर आयबसच्या सेटिंगमध्ये ‘मराठी इनस्क्रिप्ट’ जोडावे. चाचणीसाठी ‘आष्टी’ हे तालुक्याचे नाव टंकावे. ‘ष्ट’ जुळले नाही, तर ‘डी’ कळीवरील हलन्त राहिला असेल किंवा फॉन्ट बदलावा लागेल.

खरी अडचण जुन्या फायलींची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसल्यास निरर्थक रोमन अक्षरांत उघडतो. म्हणून जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी दाखले व ठराव युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत, जोडाक्षरे आणि रफार छापील प्रतीशी ताडून पाहावेत आणि मूळ फाईलही जपून ठेवावी.