शुगर आणि आपला दस्तरखान

आपल्या औरंगाबादेत दावत म्हटली की नान-खलिया आलाच. शुगर आहे म्हणून तो कायमचा सोडायची गरज नाही. नान मैद्याचा असतो, म्हणून आपण अर्धाच घ्यावा, आधी काकडी-कांदा खावा आणि वर गोड टाळावं. एरवी घरी ज्वारीची भाकरी, डाळ, मेथी-पालक चांगलं. पण भाकरीही मोजूनच. जेवल्यावर लगेच आडवं न होता १५ मिनिटं चालावं.

रमजानआधी डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रोज्यात घाम-थरथर सुटली, शुगर ७० च्या खाली गेली, तर लगेच रोजा सोडून साखरपाणी घ्यावं. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात आपण संकोच करू नये.